पारावरची पागोटी

फार मागची गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हते, आणि पागोटे ही माणसाची खूण होती. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी नीट ऐकावी.

एका नदीच्या दोन काठांना दोन गावे होती. मध्ये दगडी बंधारा. त्यातून दोन पाट निघत, एक अलीकडे, एक पलीकडे. पूर्वी ही गावे एकमेकांना लेकी देत. पुढे उन्हाळे कडक पडू लागले, पाणी पुरेना, आणि तीच गावे एकमेकांची डोकी फोडू लागली.

अलीकडच्या गावात एक रीत होती. गावसभा पिंपळाच्या पारावर बसे, घरटी एक पुरुष. बायकांनी पारावर चढायचे नाही. घरचा कर्ता परगावी असला किंवा अंथरुणाला खिळला असला, तर त्याचे पागोटे आणून त्याच्या जागी ठेवत. पागोटे बसले म्हणजे माणूस बसला. मग पाटील प्रश्न टाकी आणि म्हणे, "ज्याला नको असेल त्यानं उठावं." उठला तो विरोधात. बसून राहिला तो राजी.

आता पागोटे कसे उठणार?

पुढे लढाईत पडलेल्यांची पागोटीही पारावर येऊ लागली. मान म्हणून. विधवा पागोटे घेऊन पाराच्या पायरीपर्यंत येई, तिथे ठेवी आणि मागे सरे. कोतवाल ते उचलून जागेवर मांडी. होता होता पारावर डोकी कमी झाली आणि पागोटी वाढली. दर उन्हाळ्यात मेलेली माणसे नव्या लढाईला होकार देत राहिली. कोणाच्या ध्यानात आले नाही. रीत म्हटली की माणूस डोके बाजूला ठेवतो.

ध्यानात आले ते एका बाईच्या. गाव तिला आत्या म्हणे.

आत्याचा नवरा बंधाऱ्यावर पडला होता. घरी आणला तेव्हा त्याच्यात थोडी धुगधुगी होती. तिच्या मांडीवर डोके ठेवून तो म्हणाला, "पोराला यात घालू नको." एवढेच बोलला आणि गेला.

पुढच्या सभेला आत्या रीतीप्रमाणे त्याचे पागोटे ठेवून मागे उभी राहिली. पाटील म्हणाला, "ज्याला नको असेल त्यानं उठावं." पागोटे बसून राहिले. जो माणूस मरताना नको म्हणाला, तोच इथे राजी ठरला होता! आणि पागोटे तिथवर आणले होते तिनेच.

पोरगा आता हाताशी आला होता. पागोटे अजून बांधले नव्हते, पण लढायला पागोटे लागत नाही, काठी लागते. तो रोज काठीला तेल लावून बसे.

आत्याने मनाशी ठरवले आणि घरोघर जायला लागली. कोणाच्या जात्यावर बसली, कोणाच्या गोठ्यात शेण काढू लागली. हात चालवता चालवता एकच विचारी, "बाई, तुझ्या माणसाला खरंच लढायचं होतं का गं?"

काही रडल्या. काहींनी दार लावले. वरच्या आळीची एक म्हातारी फार फटकळ होती. ती म्हणाली, "तुला घरी काम नाही वाटतं? बायकांनी पारावर बोलायचं, मग पुरुषांनी काय चूल फुंकायची?"

"फुंकतील की," आत्या म्हणाली. "जगले तर फुंकतील."

म्हातारीने हातातले सूप आपटले. पण रात्रभर तिला झोप लागली नाही. तिचे दोन मुलगे लढाईत गेले होते.

मग आत्या नदीवर गेली. दोन्ही काठांच्या बायका समोरासमोर धुणी धूत, पण बोलत नसत. आत्या पाण्यातून चालत पलीकडे गेली आणि भागूच्या शेजारच्या दगडावर बसली. भागू आत्याची बालमैत्रीण. फार पूर्वी पलीकडे दिलेली.

भागूने मान वर केली नाही. "कशाला आलीस? माझ्या माहेरानं माझा नवरा खाल्ला."

"तुझ्या सासरानं माझा," आत्या म्हणाली.

आत्याने भागूच्या ढिगातले एक धोतर उचलले आणि धुवायला घेतले. बऱ्याच वेळाने भागू म्हणाली, "असं नाही. पिळताना टोक धर." एकीने एक टोक धरले, दुसरीने दुसरे. पिळून होईपर्यंत दोघींचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून नदीवर बोलणे सुरू झाले.

उन्हाळा आला. बंधाऱ्यात पाणी कमरेएवढे राहिले आणि सभेची दवंडी फिरली. पोराने काठी उचलली. आत्याने घडीतून पागोटे काढले.

"आये," पोरगा म्हणाला, "लोक काय काय बोलतात तुझ्याविषयी. मला तोंड दाखवायला जागा ठेव."

"तोंड जागेवर राहू दे आधी," आत्या म्हणाली. "दाखवायचं मग बघू."

बायका पायरीपाशी आल्या. कोतवालाने हात पुढे केला. "दे इकडं, आत्या."

"असू दे. धरते मी."

"अगं, रीत आहे!"

"पागोटं आणायचं ही रीत. आणलंय. खाली ठेवलंच पाहिजे, असं कोण म्हणालं?"

बाकीच्या बायकांनीही आपापली पागोटी हातातच धरली. कोतवालाने पाटलाकडे पाहिले. पाटील चिडला होता, पण सभेत बाईच्या हातातून मेलेल्याचे पागोटे ओढणे शोभले नसते. त्याने घसा खाकरून विचारले, "उद्या बंधाऱ्यावर चालून जायचं. ज्याला नको असेल त्यानं उठावं."

आत्याने पागोटे दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले.

"हे उठलंय, पाटील," ती म्हणाली. "मरताना ते माझ्या मांडीवर होते. पोराला यात घालू नको म्हणाले. तुम्ही त्यांना विचारलं नाहीत. आज मी सांगते."

दुसरे कोणी हलेना. आत्या एकटीच उभी होती. तिचे हात अवघडले. पागोटे खाली येऊ लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी तिच्या कोपरांना आधार दिला. तिने वळून पाहिले नाही. ते हात पोराच्या लहानपणी तिनेच धुतले होते. काठी खाली पडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

मग वरच्या आळीची म्हातारी ओरडली, "माझं पण उठलं! दोन गेले माझे, तिसरा देणार नाही!" मग एक वर झाले, मग दुसरे, मग सगळीच. ते पाहून पारावरचे जिवंत पुरुषही एकेक करून उठले. त्यांच्याही मनात तेच होते. आजवर इतकी पागोटी बसलेली असताना एकट्याने उठायची लाज वाटत होती, एवढेच.

पाटील खाली मान घालून म्हणाला, "आणि ते चालून आले तर?"

"मी पुढं होते," आत्या म्हणाली. "या माझ्या मागं."

ती तशीच बंधाऱ्यावर गेली आणि गाव तिच्या मागे. पलीकडचे पुरुष काठ्या घेऊन निघाले होते खरे, पण बंधाऱ्याच्या तोंडाशीच अडले होते. नदीवर ठरल्याप्रमाणे वाटेत त्यांच्याच बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि मध्यभागी भागू.

"उशीर केलास," भागू म्हणाली.

"आमचा पाटील लांबण लावतो," आत्या म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली.

बायकांच्या अंगावरून पाय टाकून कोण जाणार? पुरुषही काठ्या टेकून बसले. पाण्याच्या पाळ्या तिथेच ठरल्या. आठवडा अलीकडे, आठवडा पलीकडे. त्या उन्हाळ्यात पीक जेमतेम आले, पण माणूस एकही गेला नाही. आत्याच्या पोराने पुढच्या साली पागोटे बांधले, आणि बायको केली ती पलीकडची.

त्यानंतर बायका पारावर बसू लागल्या. मेलेल्याच्या नावाने होकार धरणे बंद झाले. पाटलाने घरी जाऊन पहिल्यांदाच बायकोला विचारले, "तुझं काय मत?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बसा आधी. इतक्या वर्षांचं साठलंय, उभ्या उभ्या सांगून व्हायचं नाही."

बोध एवढाच: गप्प असलेल्याला राजी धरू नये, आणि जिच्या घरचा माणूस जायचा तिला विचारल्यावाचून लढाई ठरवू नये.