शेल्यात मावणारी पानपेटी

महाराज धवलसेनांना पानपेटी हवी होती. तीही अशी, की शेल्याच्या घडीत खोवली तरी बाहेरून फुगवटा दिसू नये. आणि उघडली तर पान, चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा, जायपत्री आणि अडकित्ता यांपैकी एकही वस्तू उणी असू नये.

या हट्टामागे राजकारण होते. मागच्या स्वारीत पानाचा मोठा डबा वाहणारे खेचर ओढ्याकाठी अडून बसले, महाराज शेजारच्या राजाकडे विड्यावाचून पोहोचले, आणि तहाची बोलणी दुपारपर्यंत युद्धाच्या बोलण्यांवर आली.

"यापुढे माझे पान माझ्या कमरेला!" महाराजांनी जाहीर केले आणि काम हणमंता तांबटाकडे सोपवले.

हणमंताची पहिली पेटी पिंपळपानासारखी पातळ होती. महाराज प्रसन्न झाले. मग त्यांनी अडकित्ता मागितला.

"तो तेवढा मावला नाही, महाराज."

"मग सुपारी काय दाताने फोडू?"

दुसऱ्या पेटीत सारे मावले. महाराजांनी ती शेल्यात खोवून दरबारात एक फेरी मारली, तोच राजवैद्य लगबगीने उठून विचारते झाले, "पोट केव्हापासून फुगले आहे?" तिसरी पेटी पातळही होती आणि भरलेलीही, मात्र तिच्यातला चुना कातात मिसळून विडा पेटीतच रंगला आणि पत्र्याचा अडकित्ता पहिल्याच सुपारीवर वाकला.

हणमंताने हात जोडले. "महाराज, पातळपणा हवा तर एखादी सोय सोडावी लागेल, आणि साऱ्या सोयी हव्या तर जाडी सोसावी लागेल. काही तरी सोडा. निदान जायपत्री!"

"जायपत्री सोडणारा राजा तू कधी पाहिला आहेस?"

हणमंताने पाहिला नव्हता. त्यातून प्रधान नारोपंतांना गप्प बसणे ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "आणि महाराज, पान खाऊन झाल्यावर रिकामी पेटी कमरेला रुतत राहणार, तिचे काय?"

"खरेच की! आतला ऐवज संपला की पेटीचेही ओझे उरता कामा नये! परवा स्वारी निघते आहे. तोवर अशी पेटी आली नाही, तर हणमंता, तुझी भट्टी विझवून तुला वेशीबाहेर घालवीन!"

हणमंता घरी आला आणि ऐरणीपाशी बसून राहिला. भाता चालवणाऱ्या येसूने, त्याच्या मुलीने, सारी हकिकत खोदखोदून विचारली.

"म्हणजे आबा, पेटी असावीही आणि नसावीही?"

"हसतेस काय, पोरी? सामान बांधायला घे."

येसूने सामान बांधले नाही. जेवणे उरकल्यावर ती आबांपुढे पानाचे तबक घेऊन बसली, आणि बोटांत लवंग धरून तशीच थांबली.

"आबा, भट्टी विझवू नका," ती म्हणाली. "महाराजांना शेला बांधणारा भिकाजी आपल्याच आळीत राहतो ना?"

स्वारीच्या दिवशी दरबार भरला. येसू रिकाम्या हातांनी पुढे आली. हणमंता खांबाआड उभा होता. त्याला मुलीचे हात दिसत होते आणि म्हणूनच घाम फुटला होता.

"पेटी कुठे आहे?" महाराज गरजले.

"सांगते, महाराज. आधी पेटी कशाला म्हणायचे, तेवढे ठरावे."

"तांबटाची मुलगी तू, आणि मला विचारतेस? जी ऐवज आत धरते, चहूबाजूंनी झाकते आणि खीळ घातली की उघडत नाही, ती पेटी!"

"हेच महाराजांच्या तोंडून हवे होते. आता एक विडा घ्यावा. महाराजांच्या डाव्या कुशीला, शेल्याच्या दुसऱ्या घडीत आहे."

महाराजांनी घडीत बोटे घातली. खरोखरच विडा निघाला! सकाळपासून ते त्याच्यासह हिंडत होते; कुणाला दिसला नव्हता, आणि राजवैद्य तर जागचे हललेही नव्हते. महाराजांनी विडा तोंडात टाकला, डोळे मिटले, सावकाश चावला.

"सुरेख! जायपत्रीही आहे. बरे, आता पेटी दाखव."

"ती महाराजांनी आत्ताच खाल्ली."

महाराजांचे चावणे थांबले.

"पानाने ऐवज धरला होता, महाराज. पानानेच झाकला होता. लवंगेची खीळ होती. चुना कातात मिसळला, पण मिसळायचा तिथेच. आणि आता पेटीचे ओझे कुठे उरले असेल, तर महाराजांनी दाखवावे."

"अडकित्ता!" नारोपंत ओरडले. "अडकित्ता कुठे आहे?"

"घरी. त्याचे काम तेवढे आत होते. कातरलेल्या सुपारीला अडकित्ता कशाला हवा, प्रधानजी?"

"आणि महाराजांना दुसरे पान खावेसे वाटले तर?"

"तर दुसरी पेटी. शेल्याला घड्या पुष्कळ आहेत."

महाराजांना हसू आले होते, पण तोंडात रंगलेला विडा होता. त्यांनी हाताने खूण करून पिकदाणी मागवली, ती येईपर्यंत गंभीर चेहऱ्याने बसून राहिले, ती आल्यावर रीतसर वापरली, आणि मग इतके हसले, इतके हसले, की शेल्याची गाठ सुटली!

"हणमंता, खांबाआडून बाहेर ये! तुझी भट्टी पेटती राहू दे. तुझी ती फुगीर पेटी राजवैद्यांना देऊन टाक, त्यांचे तिच्याकडे फार लक्ष होते. आणि प्रधानजी, नदीकाठचा पानमळा या मुलीला इनाम द्या!"

नारोपंतांनी लेखणी उचलली. "सनदेत काय लिहू, महाराज? पानमळा?"

"छे!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "लिहा, पेट्यांचा कारखाना!"