ठकूबाईची माती

कुसुरमाळ गावी श्रीसावळनाथ महाराज दर थंडीत मारुतीच्या देवळात मुक्कामाला येत. त्या मुक्कामातली ही हकिगत ऐकताना आजही अंगाचा तिळपापड होतो, आणि मग हात आपोआप जोडले जातात.

गावाच्या कडेला ठकूबाई परीट राहत असे. एकटी बाई, हातावर पोट. तिच्या झोपडीमागे नुसता मुरूम होता. बारा उन्हाळे तिने आटलेल्या तळ्याचा गाळ वाहून आणला, त्यात शेण, राख, पालापाचोळा कुजवला आणि दोन खाटांएवढा वाफा तयार केला. थंडी पडली की त्यात ती मेथी करी. दत्तजयंतीच्या नैवेद्याला तिचीच भाजी असे. महाराज ती मागून मागून खात.

हे देवळाचे पंच दाजीबा देसाई यांना खुपे. त्यांच्या बागेतल्या कोबी-नवलकोलाला महाराजांनी कधी हात लावला नव्हता. "परटिणीच्या मोरीच्या पाण्यावरची भाजी देवाला? शिव शिव!" असे ते चारचौघांत म्हणत.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते! पण दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, ठकूबाई ओढ्यावर धुणे घेऊन गेलेली पाहून, ते स्वतः गाडी आणि चार गडी घेऊन आले. उभी मेथी तुडवली, वाफा खरवडला आणि सगळी माती आपल्या बागेत नेली. खालच्या मुरमावर पहार खणखण वाजली तेव्हा कुठे हात आखडला. वर म्हणाले काय, "तळं गावचं, गाळ गावचा. तिच्या बापाची माती आहे का?" काय हा निर्लज्जपणा! तो गाळ तळ्यात पडून होता तेव्हा यांना गाव आठवले नाही. आणि गावकरी? बघत उभे राहिले.

ठकूबाई रडत देवळात आली. "महाराज, माझा वाफा नेला हो! भाजी पुन्हा आली असती, पर माती कुठनं आणू? आणखी बारा वर्सं जगते का मी?"

महाराजांचे डोळे लाल झाले. समोर बसलेल्या देसायांना ते म्हणाले, "दाजीबा, उद्याचा नैवेद्य बाईच्याच मेथीचा. ती नसेल तर आम्हाला अन्न नाही."

देसाई हसले. "मुरमावर मेथी येते होय, महाराज? मग उपासच घडायचा आपल्याला!"

महाराज तडक उठले आणि ठकूबाईच्या परसात गेले. "बी आहे का घरात?"

"मूठभर हाय. पर पेरू कुठं?"

"इथंच पेर."

तिने उघड्या मुरमावर दाणे टाकले. महाराजांनी कमंडलूतले पाणी शिंपडले आणि दत्तनाम घेत तिथेच बसले.

सकाळी धुके विरले आणि काय सांगावे! वीतभर उंच, हिरवीगार मेथी डुलत होती. गाव लोटले. देसाईही तणतणत आले. "कुणीतरी रोपं आणून खोवलीत!" असे म्हणत त्यांनी मूठभर मेथी उपटली. मुळांसोबत ओल्या काळ्याभोर मातीचे ढेकूळ वर आले. त्यांनी खाली हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. कालच याच जागी पहारीचा खणखणाट त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता!

देसाई महाराजांच्या पायाशी वाकले. महाराज मागे सरले.

"आमचं काय नेलंस तू? जिचं नेलंस तिच्यापुढे वाक."

देवळाचे पंच, आणि परटिणीपुढे! देसायांनी क्षणभर गावाकडे पाहिले. मग पागोटे काढून ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो, आई."

"उठा, देसाई," ठकूबाई म्हणाली. "पर माझी माती तेवढी आणून टाका. ही देवानं दिली ती देवाची. तुम्ही नेली ती माझी हाय."

"बाई बरोबर बोलते," महाराज म्हणाले.

त्या दिवशी पंगत खोळंबली. देसायांनी माती स्वतः डोक्यावरून वाहिली. एकेक पाटी तिच्या पायाशी रिकामी करताना त्यांना वाकावेच लागत होते.