मेलेलं घड्याळ

दुकानातली हत्यारं माणसांची पाठ वळली की एकमेकांची मापं काढत, त्या काळातली ही गोष्ट.

इंदुताईंनी सासऱ्यांचं जुनं ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ जनूभाऊ घड्याळजींच्या टेबलावर ठेवलं आणि दोघं बाकड्यावर बोलत बसली.

भिंग लगेच वाकलं. "काचेवर चरे, तबकडी पिवळी. भंगार आहे."

चिमट्याने चावी पिळून पाहिली. काटा हलला नाही.

"मेलंय ते," भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ वरूनच म्हणालं.

"मी चावीवर चालतच नाही," जुनं घड्याळ उसळलं. "मनगटावर हात हलला की मी चालतं. वर्षभर कपाटात कोंडलेल्याला पळून दाखव म्हणता? आणि ते चरे विहिरीच्या काठाचे आहेत. माझा माणूस पाणी शेंदायचा, तेव्हा मी त्याच्या हातात असायचं. विचारलंत का कोणी?"

"घासून पुसून टाकू सगळं," ब्रश म्हणाला. "नवं म्हणून खपेल."

"हात तर लावून बघ."

तेवढ्यात इंदुताईंनी बोलता बोलता ते उचलून मनगटावर चढवलं. हातवारे करत त्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगू लागल्या, आणि काटा चालू लागला.

वर भिंतीवर मात्र लंबक मंदावत मंदावत थांबला. त्याची आठवड्याची चावी संपली होती.

"हे पण मेलं वाटतं," ब्रश कुजबुजला.

"तोंड आवर," इंदुताईंच्या मनगटावरून जुनं घड्याळ कडाडलं. "आधी त्याला चावी द्या."