शिंपिणीचा दोरा आणि मामाची फटफटी

आटपाट नगर नव्हतं. साधंच गाव होतं. गावात होतं भोकराचं झाड. झाडावर होती एक शिंपीण. एवढीशी! अंगठ्याएवढी! पानाला पान शिवून घर करणारं चिमुकलं पाखरू.

अर्धं घर शिवून झालं होतं. अर्धं राहिलं होतं. पोटात अंडं होतं. आज येणार, नाहीतर उद्या येणार.

शिंपिणीने फांदीवर दोरा ठेवला. लांब दोरा, लाल दोरा. पाणी प्यायला गेली. भुर्रर्र!

परत आली. बघते तर काय? दोरा नाही!

इकडे नाही. तिकडे नाही. खाली बघितलं. खाली उभी होती दौलतमामाची फटफटी, शेजारी खुद्द मामा.

जुनी फटफटी. मोठी फटफटी. तिच्या पोटातून वायरी लोंबत होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या. जशा काही शेवया वाळत घातल्यात! एक वायर बांधली होती नाडीने. एक बांधली होती रबराने. एक बांधली होती मामीच्या रिबिनीने. आणि एक बांधली होती... लाल दोऱ्याने!

शिंपीण खाली आली. टुपुक टुपुक.

“मामा मामा, माझा दोरा द्या.
दोरा मला,
अंड्याला घर!”

मामा म्हणाला, “अगं शिंपीणबाई, दोरा सोडला की वायरी सुटल्या! आधी मिस्त्रीने चिकटपट्टी द्यावी. मग वायरी बांधू. मग दोरा देऊ.”

“कधी?”

“उद्या!” मामा म्हणाला. मामा बारा वर्षं ‘उद्या’ म्हणत होता. उद्या काही येत नव्हता.

शिंपीण उडाली. भुर्रर्र! गेली यासीन मिस्त्रीकडे.

“मिस्त्री मिस्त्री, पट्टी द्या.
पट्टी मामाला,
दोरा मला,
अंड्याला घर!”

मिस्त्री स्टुलावर बसला होता. हाताची घडी घालून.

“सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही. माझ्या अब्बांनी लावला नाही. त्यांच्या अब्बांनी लावला नाही. आधी सुगंधामावशीने चहा द्यावा. मग बघू!”

शिंपीण उडाली. भुर्रर्र! गेली मावशीच्या टपरीवर.

“मावशी मावशी, चहा द्या.
चहा मिस्त्रीला,
पट्टी मामाला,
दोरा मला,
अंड्याला घर!”

मावशी म्हणाली, “चहा देते गं, पण दूध कुठाय? बिनदुधाचा चहा म्हणजे काढा! मी काय वैद्यबाई आहे? आधी गवळ्याने दूध द्यावं. मग बघू!”

शिंपीण उडाली. भुर्रर्र! गेली तुळशीराम गवळ्याकडे.

“गवळीदादा गवळीदादा, दूध द्या.
दूध मावशीला,
चहा मिस्त्रीला,
पट्टी मामाला,
दोरा मला,
अंड्याला घर!”

गवळीदादाने मिशीला पीळ दिला.

“मी काय नळ आहे? फिरवला की दूध? ही बघ माझी कासंडी. ठण ठण! रिकामी! आधी चंद्री म्हशीने पान्हा सोडावा. मग बघू!”

शिंपीण उडाली. भुर्रर्र! गेली गोठ्यात. बसली म्हशीच्या शिंगावर.

“चंद्राक्का चंद्राक्का, धार सोड.
धार गवळ्याला,
दूध मावशीला,
चहा मिस्त्रीला,
पट्टी मामाला,
दोरा मला,
अंड्याला घर!”

म्हैस म्हणाली, “हूंऽऽऽ! माझी पेंड कुठाय? पेंड येते फटफटीवर. फटफटी दारात येते. पोंऽऽऽ वाजते. मग मी पान्हा सोडते. पों नाही, पान्हा नाही. हूंऽऽऽ!”

आणि तिने मान फिरवली. म्हैसच ती.

शिंपीण उडाली. भुर्रर्र! दमली, पण उडाली. परत आली मामाकडे.

“मामा मामा, पों वाजवा.
पों म्हशीला,
धार गवळ्याला,
दूध मावशीला,
चहा मिस्त्रीला,
पट्टी मामाला,
दोरा मला,
अंड्याला घर!”

मामाने बटण दाबलं. टक! काही नाही. पुन्हा दाबलं. टक टक! काही नाही.

मामा म्हणाला, “वाजत नाही बघ. वायरींचा गुंता झालाय. वायरी नीट झाल्या की वाजेल.”

“आणि वायरी नीट कधी होणार?”

“मिस्त्रीने पट्टी दिली की!”

शिंपिणीने डोक्याला पंख लावला.

“वा रे मामा! मिस्त्री बघतो मावशीकडे. मावशी बघते गवळ्याकडे. गवळी बघतो म्हशीकडे. म्हैस बघते तुमच्याकडे. आणि तुम्ही बघता मिस्त्रीकडे! एवढी मोठी माणसं, एवढी मोठी म्हैस! आणि माझं अंडं काय वाऱ्यावर ठेवू?”

मामाने जांभई दिली. “उद्या गं, उद्या.”

आता मात्र शिंपीण चिडली. शिंपीणच ती! तिची चोच म्हणजे सुई. शिरली वायरींच्या गुंत्यात.

टोच! लाल वायर. काही नाही.

टोच! पिवळी वायर. काही नाही.

टोच! निळी वायर. निळी जाऊन चिकटली लालला. चर्रर्र!

पोंऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!

मामा टुणकन उडाला. “अगं, बंद कर! बंद कर!”

“करू की,” शिंपीण म्हणाली. “उद्या!”

पोंऽऽऽऽऽऽऽऽऽऽ!

पों ऐकली म्हशीने. “आली माझी पेंड!” पान्हा सुटला.

धार मिळाली गवळ्याला. सर्र सर्र सर्र! कासंडी भरली.

दूध मिळालं मावशीला. खदखद खदखद! चहा उकळला.

चहा मिळाला मिस्त्रीला. फुर्रर्र, फुर्रर्र! बशीतून प्याला. मग उठला. कानात बोटं घालून फटफटीकडे आला.

“दौलतमामा, ही फटफटी आहे की शेवयांचं ताट?”

मामाने डोकं खाजवलं.

मिस्त्रीने नाडी सोडली. रबर तोडलं. रिबीन मामीला दिली. मामी म्हणाली, “अगोबाई! ही तर मी सहा महिने शोधतेय!” मामा चपला शोधू लागला.

मिस्त्रीने वायरी सरळ केल्या. एक एक करून. पों थांबली. सगळ्या वायरींची जुडी केली. वरून पट्टी गुंडाळली. गोल गोल गोल, गोल गोल गोल! जुडी नीट आत बसवली. लोंबेना, हलेना, घासेना.

मग राहिला लाल दोरा. त्याला मामाने मारल्या होत्या सात गाठी. शिंपीण समोर बसली.

“मामा, सोडा.”

मामाने नखाने सोडली पहिली. दाताने सोडली दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी! सुटला दोरा.

दोरा मिळाला शिंपिणीला. भुर्रर्र!

इतक्यात दारात कोण? हूंऽऽऽ! चंद्री म्हैस! “पों वाजली. धार सोडली. माझी पेंड कुठाय?”

मामा ‘उ’ म्हणाला. म्हशीने शिंगं हलवली. मामाने ‘द्या’ गिळला आणि फटफटीला लाथ मारली. फट फट फट फट! गेला पेंड आणायला. आजच्या आज!

आणि वर भोकरावर? खुपुस खुपुस, खुपुस खुपुस! पानाला पान, टाक्याला टाका. घर झालं शिवून.

संध्याकाळी घरात आलं अंडं. एवढंसं, गोल गोल. वारा आला. फांदी हलली. घर हललं.

अंडं पडलं?

छे! शिवण कुणाची होती? मामाची थोडीच!