गिरखलचा अबोल्याचा पेला

वसईकडच्या गिरखल गावात बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठावर एक जुनं जांभूळ आहे. दोन वाड्यांची कुंपणं दोन्हीकडून त्याच्यापर्यंत येतात आणि हातभर अलीकडे थांबतात. मधली जागा कुणाची, असं पाहुण्यांनी विचारलं की गावातले सगळ्यांत वयस्क बस्त्यावबाबा त्यांना त्याच सावलीत बसवून हकिगत सांगतात.

फार पूर्वी म्हणे इथे रेमेदीन आणि पास्कीन या दोन जावा राहत. वाटणीत झाड नेमकं हद्दीवर आलं आणि जांभळं कुणी वेचायची यावरून दोघींची जुंपली. थोरली रेमेदीन भारी तापट. रागाच्या भरात तिने आपल्या बाजूच्या सगळ्या फांद्या तोडून टाकल्या. "नको मला ते झाड, नि नको त्याची वाईन!" तेव्हापासून दोघींत अबोला.

रेमेदीनचा एकुलता एक मुलगा इनास जहाजावर कामाला होता. एका पावसाळ्यात त्याचं जहाज बुडाल्याची बातमी आली. रेमेदीन चर्चमध्ये सायबिणीपुढे, मरियामातेपुढे, धाय मोकलून रडली आणि नवस बोलली, "माझा इनास परत आण. त्याच्या लग्नात पहिला पेला दारच्या जांभळाच्या वाईनचा, तुझ्या नावानं." फांद्या आपणच तोडल्यात, हे त्या घडीला तिला कुठलं आठवायला!

पुढच्या नाताळाला इनास धडधाकट परतला; जहाज बुडाल्याची बातमी खोटी निघाली. सोबत पेटीभर बाटल्या: फिरंग्यांच्या देशातली गोड तांबडी वाईन, चेरीची वाईन, चीनकडची आलुबुखाराची. लग्न ठरलं आणि रेमेदीनला तोडलेल्या फांद्या आठवल्या. वाईन मुरायला महिने लागतात, आणि त्या झाडाची जुनी वाईन असलीच तर ती पास्कीनकडेच.

"आये, यातलीच ओत की," इनास म्हणाला. "सातासमुद्रापलीकडची आहे. सायबीण काय नको म्हणणार?"

"तिनं जांभळाचंच ऐकलंय, बाबा."

नवस मोडला तर मुलगा पुन्हा जाईल, ही भीती तिला जेवू देईना. अखेर लग्नाच्या आदल्या दिवशी ती पेला घेऊन जावेच्या दारात उभी राहिली. तिने पेला पुढे केला. पास्कीनने तो पाहिला. आत गेली आणि चिनीमातीची एक बरणी उचलून घेऊन आली. तोंडाला बांधलेलं फडकं अजून सुटलेलं नव्हतं.

"इनासच्या नावाची आहे, बाय. जहाज बुडालं म्हणाले त्याच पावसात घातली. त्याच्या लग्नाआधी कुणाला चाखू देणार नाही, असं मीही सायबिणीला बोलले होते. माझ्याही मांडीवर वाढलाय तो."

रेमेदीन उंबऱ्यातच बसून रडली. दुसऱ्या दिवशी मांडवात सायबिणीच्या नावाचा पहिला पेला तिने जावेच्या हातात दिला, आणि त्याच आठवड्यात दोघींनी मिळून झाडाजवळचं कुंपण काढलं, असं सांगतात.

आजही गिरखलमध्ये लग्नाचा पहिला पेला ज्याच्याशी घराचा अबोला असेल त्याला देतात, आणि तो प्याल्याशिवाय वरात निघत नाही. मागे एका लग्नात नवरीचा काका रुसून घरीच बसला होता. बोलावणी गेली, तो हलेना. बँड थांबला, पाहुणे उन्हात ताटकळले. शेवटी नवरीच एका हातात झगा आणि दुसऱ्या हातात पेला सांभाळत त्याच्या दारात गेली. काकाने पेला घेतला, अर्धा प्याला आणि उरलेला तिला पाजला.