दोर वळणाऱ्याची भट्टी

त्या दिवशी सकाळी गवताच्या पात्यापात्यावर दंव गोठलं होतं. दारातल्या रांजणात पाण्यावर काचेसारखी पापडी धरली होती, आणि वारा असा सुटला होता की कोंबड्यासुद्धा खुराड्यातून मान बाहेर काढीनात. हिवाळ्याला अजून महिना अवकाश होता. पण डोंगरावरची थंडी कुणाला विचारून थोडीच येते!

त्या डोंगरावर एक लहानसं गाव होतं, बाळांनो. गाव म्हणजे काय, सात घरं. सातही घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून बांधलेली, गारठ्यात गुरं एकमेकांना खेटून उभी राहतात ना, तशी. ओळीतल्या शेवटच्या घरात एक दोर वळणारा आणि त्याची बायको राहायची. त्यांच्यापलीकडे मग घर नव्हतं. कडा होता आणि वारा होता.

दोर वळणारा म्हातारा झाला होता, पण त्याच्या हातच्या अंबाडीच्या दोराला तोड नव्हती. बायकोची बाजसुद्धा त्यानंच विणली होती. ती बाज शेजारच्या घराच्या दगडी भिंतीला लावून असायची. लग्न झाल्यापासून तिथंच.

मागच्या हिवाळ्यात बायको खोकून खोकून अर्धी झाली. वैद्य आला, त्यानं नाडी धरली आणि अंगणात येऊन म्हाताऱ्याला हळूच म्हणाला, "यंदा निभावलं. पुढच्या हिवाळ्यात हिच्या छातीला गारठा लागू देऊ नकोस. लागला, तर मला बोलवायला येऊ नकोस. माझ्याजवळ काही नाही."

हे शब्द म्हाताऱ्याच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले. दोर वळताना, जेवताना, पाणी भरताना त्याला तेच ऐकू यायचं. म्हणून दंव पडलेलं बघितल्याबरोबर त्यानं उन्हाळाभर वळलेले सगळे दोर खांद्यावर घातले आणि डोंगर उतरून लोहाराकडे गेला.

"मला घर गरम ठेवणारी भट्टी पाहिजे," तो म्हणाला. "लाकडावर चालणारी."

"घरात माणसं किती?" लोहारानं विचारलं.

"दोन."

"खोली केवढी?"

"दोन बाजा मावतात. मधून माणूस जातो."

"मग ही घे," म्हणून लोहारानं एक लहानशी भट्टी पुढे सरकवली. बसक्या मांजरासारखी दिसत होती. म्हाताऱ्याचं मन काही तिच्यावर बसेना. त्याची नजर कोपऱ्यात गेली. तिथं एक भलीमोठी भट्टी उभी होती. दोन दारांची, माणसाच्या छातीइतकी उंच.

"ती कुणाची?"

"ती एका धर्मशाळेसाठी केली होती. धर्मशाळा बांधायचीच राहिली."

"मला ती दे."

लोहार हसला. "अरे बाबा, भट्टी म्हणजे काय बैल आहे, मोठा घेतला की जास्त ओढेल? लहान खोलीत ही पोटभर पेटवलीस तर भाजून निघशील. मग तू तिची दारं दाबून ठेवशील, आणि दाबली की ती जळायची नाही, धुमसत बसेल. आणि हिला लाकूड लागतं दोन उन्हाळे खाल्लेलं. आहे का?"

"लाकूड आहे."

"दोन उन्हाळ्यांचं आहे का, ते विचारतोय मी."

"लाकूड ते लाकूड," म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे बायकोची खोकणारी छाती होती. एवढ्या मोठ्या दुखण्यापुढे ते मांजर ठेवायचं? त्याला ते पाप वाटलं. त्यानं सगळे दोर लोहाराच्या पुढ्यात टाकले.

मोठी भट्टी डोंगरावर चढवायला चार माणसं लागली. गाव बघायला जमलं. "अहो, या भट्टीत तुम्ही दोघं राहायला जा, आणि घरात लाकडं ठेवा!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. म्हातारासुद्धा हसला. त्याला आत कुठंतरी बरं वाटत होतं. सात घरांत अशी वस्तू कुणाकडे नव्हती.

आता भट्टी बसवायची कुठं? गवंड्यानं घर पाहिलं. तीन भिंती कुडाच्या, काटक्या आणि शेणमातीच्या. त्यांच्याजवळ भट्टी ठेवली तर घर पेटायचं. दगडी भिंत एकच, शेजारच्या घराला लागून असलेली.

"इथं बसवावी लागेल," गवंडी म्हणाला. "मागे हातभर जाडीचा मातीचा थर देतो. आणि ही बाज हलवा."

"कुठं हलवू?"

"कुठंही. तिकडं, कड्याच्या बाजूला."

बायको बाजेवर उठून बसली. "अहो, नको. इथं माझ्या पाठीला बरं वाटतं."

"अगं, ते उन्हाचं. दिवसभर भिंत तापते, मग ऊब धरून ठेवते."

"ही आतली भिंत आहे. हिला ऊन कुठून लागणार?"

म्हाताऱ्यानं ते नीट ऐकलंच नाही. तो गवंड्याबरोबर धुराड्यासाठी छपराला भोक कुठं पाडायचं ते बघत होता.

तेवढ्यात शेजारी आला. तो चाळिशीचा, मान खाली घालून बोलणारा, साधा गडी. "तात्या," तो म्हणाला, "भट्टी आणलीत, चांगलं केलंत. पण काकूंची बाज तेवढी हलवू नका."

"का रे?"

शेजाऱ्यानं म्हाताऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनीही माना खाली घातल्या.

"असंच," शेजारी म्हणाला. "जुनी जागा आहे. अंगाला सवय असते."

"लेका, जुन्या जागेनं खोकला जातो होय? की माझी भट्टी बघून तुझ्या पोटात दुखतंय?"

बाज उचलताना मात्र शेजाऱ्यानंच एक बाजू धरली, कारण म्हाताऱ्याला एकट्याला ती झेपेना.

पहिले आठ दिवस भट्टी अशी पेटली की घरात अंगरखा नको व्हायचा. म्हातारा दारं दाबायचा, मग ती धुमसायची, मग पुन्हा उघडायचा. बायको म्हणायची, "छान आहे हो." आणि म्हातारा रात्रीचा सुखानं झोपायचा. पण अंगणात रचलेली वाळकी लाकडं घरातल्या लहानशा चुलीच्या हिशेबानं ठेवलेली. मोठ्या भट्टीनं हिवाळाभराचं लाकूड आठ दिवसांत खाल्लं. आणि खरी थंडी तर नवव्या दिवशी आली.

म्हातारा कुऱ्हाड घेऊन रानात गेला, उभं झाड तोडलं आणि ओली लाकडं घातली भट्टीत. ओलं लाकूड पेटतं का कधी? ते आत पडून रडायला लागलं. त्याच्या टोकाला फेस यायचा, पाणी सुसू करायचं, आणि धूर धुराड्यातून वर जायच्या ऐवजी घरात पसरायचा. बायकोला खोकल्याची उबळ आली की म्हाताऱ्यानं दार उघडायचं. दार उघडलं की कड्यावरचा वारा सरळ तिच्या बाजेवर. दार लावलं की धूर. उघड, लाव, उघड, लाव, असं त्याचं चाललं. भट्टी एवढी थोरली, पण हात लावला तर ओल्या मांजरापेक्षा गरम लागेना.

शेजारी पाठीवर वाळक्या लाकडांची मोळी घेऊन आला. "तात्या, ही घ्या."

"तुझी तुला लागतील."

"मग निदान काकूंना आमच्याकडे पाठवा. हिवाळाभर आमच्या चुलीशी निजतील. माझी बायको बघेल त्यांचं."

म्हातारा दारात उभा होता. धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते. हो म्हणायला त्याचे ओठ उघडलेही होते. पण त्याला दिसलं, की ओळीतल्या घरांच्या ओट्यांवर माणसं उभी राहून इकडेच बघतायत. ज्यांच्यासमोर चार माणसांनी भट्टी वर चढवली होती, तीच ही माणसं. आता त्यांच्यासमोरून बायकोला दुसऱ्याच्या चुलीशी न्यायचं?

"माझ्या घरात भट्टी आहे," तो म्हणाला. "माझी बायको माझ्या घरात निजेल. ने ती मोळी."

शेजारी मोळी घेऊन परत गेला.

त्या संध्याकाळी बायकोनं म्हाताऱ्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता. "मला भिंतीशी न्या ना," ती म्हणाली.

"अगं, तिथं भट्टी आहे. चार माणसं लागतील हलवायला. उद्या बघू."

"त्या भिंतीपलीकडे..." असं म्हणेपर्यंत तिला खोकला आला. थांबला तशी पुन्हा म्हणाली, "त्या भिंतीपलीकडे त्यांची..."

"बोलू नकोस," म्हातारा मायेनं म्हणाला. "बोललीस की दमतेस." आणि त्यानं आपलं घोंगडं काढून तिच्या अंगावर घातलं.

ती बोलली नाही. मग कधीच बोलली नाही. सकाळी रांजणावर पापडी धरली होती, दारातलं गवत पांढरं झालं होतं, आणि बाजेवर तिचं अंग गार पडलं होतं. भट्टीत ओलं लाकूड तसंच अर्धवट, काळं, न जळलेलं पडलं होतं.

सरणाला लाकडं शेजाऱ्यानं दिली. परत नेलेली ती मोळीही त्यातच होती. वाळकी, दोन उन्हाळे खाल्लेली लाकडं. ती एका काडीत पेटली. म्हातारा जवळ उभा होता. त्याच्या अंगाला धग लागली, आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "किती गरम आहे गं."

दिवस गेले. म्हाताऱ्यानं दोर वळायचं सोडलं. घरात ती भट्टी आणि तो, दोघं समोरासमोर बसायचे. शेवटी एके दिवशी त्यानं लोहाराला निरोप धाडला, "तुझी वस्तू घेऊन जा. मला बदल्यात काही नको." माणसं आली आणि भट्टी घेऊन गेली. मागचा मातीचा थर राहिला. म्हाताऱ्यानं कुदळ घेतली आणि तो खणून काढला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिची जागा पुन्हा पहिल्यासारखी व्हावी, असंच काहीतरी असेल.

माती निघाली. जुने दगड दिसले. कुदळ ठेवून म्हाताऱ्यानं दम खाण्यासाठी भिंतीला हात टेकला, आणि तो दचकला.

भिंत गरम होती.

बाहेर चार दिवस आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. तो दुसरा हात लावून बघू लागला. मग पाठ लावली. बरोबर तिच्या पाठीच्या उंचीला, तिच्या बाजेच्या लांबीएवढी भिंत, तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी उबदार होती.

त्या गावात पुरुषमाणूस दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जात नसे. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, उठायचं. म्हातारा पन्नास वर्षं शेजारी राहून कधी आत गेला नव्हता. त्या दिवशी तो सरळ आत गेला. चूल त्या दगडी भिंतीलाच लागून होती. स्वयंपाक कधीच उरकला होता, भांडी घासून पालथी घातली होती. तरी चुलीत एक जाडजूड ओंडका जळत होता, भिंतीच्या अगदी अंगाला.

"हे कुणासाठी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

शेजाऱ्याची बायको उठून बाजूला झाली. शेजारी खाली बघत म्हणाला, "तात्या, आपल्या ओळीत सगळ्यांच्याच चुली अशा आहेत. पहिल्या घराची चूल दुसऱ्याच्या निजायच्या भिंतीला, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. तुमचं घर शेवटचं, वारा तुम्हालाच जास्त. म्हणून माझी आई रोज एक ओंडका जास्त घालायची. जाताना मला सांगून गेली, की पलीकडे माणूस निजतं, विस्तव राखत जा. आणि बोलून दाखवू नकोस, घेणाऱ्याला ओशाळं वाटतं. बायकांना ठाऊक असतं हे, चुलीशी येणंजाणं असतं त्यांचं. काकूंना ठाऊक होतं."

म्हातारा चुलीशी खाली बसला. तिचं ते अर्धं राहिलेलं बोलणं त्याच्या कानात पुरं झालं.

"मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," शेजारी म्हणाला. "जिभेवर आलेलं गिळलं मी, तात्या. आईचा शब्द राखला, आणि काकू गेल्या."

दोघंही रडले. चूल जळत होती. आणखी काय करणार?

तात्पर्य विचाराल, तर मला उमगलं ते इतकंच: आपल्याला मिळत असलेली ऊब कुठून येते, हे जाणून घेतल्याशिवाय आपली जागा हलवू नये, आणि कुणाच्या जिवाशी गाठ असेल तेव्हा चांगुलपणानंही गप्प राहू नये.

हो, पण एक सांगायचं राहिलंच. म्हातारा पुष्कळ वेळानं उठला आणि घराकडे निघाला, तेव्हा शेजारी दारापर्यंत त्याच्या मागे आला आणि म्हणाला, "तात्या, बाज परत त्या भिंतीला लावा. मी लाकूड घातलंय."