आधी निरोपाचा विडा

फार पूर्वी एका उंच पठारावर काही लोक राहत होते. पठार इतकं उंच, की पावसाळ्यात ढग पुढच्या दाराने घरात येत आणि मागच्या दाराने निघून जात. या पठारी लोकांची बोली वेगळी, ढोलाचा ठेका वेगळा, देव वेगळा आणि देवाची जत्राही वेगळी. खाली खोऱ्यात राजाचं राज्य होतं. पठारही त्याच राज्यात मोडत असे.

पठारी लोकांची एक रीत होती. पावसाळ्याआधी प्रत्येक घराचं छप्पर नव्या गवताने शाकारायचं. एकट्या घराचं ते काम नाही, म्हणून शेजारी मदतीला येत. शेजारी अंगणात आला, की घरची बाई आधी त्याच्या हातावर विडा ठेवी. इतर गावांत पाहुणा जायला निघाला की विडा देतात. इथे मात्र निरोपाचा विडा कामाच्या आधी मिळे. मदतीला आलेला माणूस तो फेट्यात खोवी, छपरावर चढे, आणि शेवटची पेंढी बांधून झाली की खाली उतरून विडा खाई. विडा खाल्ला की घरची वाट धरायची. पान सुकायच्या आत काम संपवायचं, अशी चढाओढसुद्धा लागे.

नवख्या माणसाला हे जरा विचित्र वाटे. पण पठारी लोक सांगत, "मदतीचा माणूस वेळेवर गेला, तरच पुढच्या वर्षी त्याला बोलवावंसं वाटतं."

ही रीत त्यांनी आजवर एकदाच मोडली होती. पूर्वी पठारावर लुटारूंचा फार सुळसुळाट झाला, तेव्हा खोऱ्यातल्या राजाने शिपाई पाठवले. शिपायांनी लुटारूंना हुसकावून लावलं. पण विडा त्यांना कोणी दिलाच नाही. राजाच्या माणसांना आल्याआल्या निरोप कसा द्यायचा? बरं दिसेल का ते? भिडेपोटी सगळे गप्प राहिले. शिपायांनी पठाराच्या टोकाला ठाणं बांधलं. लुटारू गेले, तो राजा गेला, त्याचा मुलगा गेला, नातू गादीवर बसला. ठाणं मात्र तिथेच राहिलं.

हळूहळू मध कोणाला विकायचा ते ठाणेदार सांगू लागला. तंटा खोऱ्याच्या भाषेत मांडायचा, नाहीतर मांडायचाच नाही, असा हुकूम निघाला. शेवटी जत्रा कधी भरवायची हेसुद्धा ठाणेदारच ठरवू लागला.

पठाराच्या पंचांमध्ये सगळ्यांत वडील एक बाई होती. सगळे तिला आत्या म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा गेनू. त्या वर्षी त्याने ठाणेदाराला न विचारता जत्रेचा ढोल वाजवला आणि भर माळावर ओरडून सांगितलं, "आमचं आम्ही ठरवू!" शिपायांनी त्याचे हात बांधले आणि त्याला खोऱ्यातल्या किल्ल्यात नेऊन कोंडलं. तेव्हापासून आत्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिची सून सारजा रोज ढोलावरची धूळ पुसायची आणि एक शब्द बोलायची नाही.

अशात एके दिवशी पलीकडच्या राज्याचा सेनापती खिंड चढून पठारावर आला. सोबत थोडेच घोडेस्वार होते, पण खिंडीच्या पायथ्याशी मोठी फौज तळ देऊन बसली होती. गावच्या पारावर पंच आणि लोक जमले. सेनापतीचं बोलणं साखरेच्या पाकासारखं.

"आत्यासाहेब," तो हात जोडून म्हणाला, "तुमच्यावरचा जुलूम ऐकून आमच्या महाराजांना रात्र रात्र झोप नाही."

"दुपारची काढत असतील," पारावरचा एक म्हातारा पुटपुटला. लोक हसले. आत्याने डोळे वटारले, तसा म्हातारा सुपारी कातरू लागला.

"आम्हाला फक्त खिंडीतून वाट द्या," सेनापती पुढे म्हणाला. "आमची फौज ठाणं उडवील, किल्ल्याचा दरवाजा फोडील आणि तुमचा मुलगा तुमच्या पुढ्यात आणून उभा करील. तुमचं पठार स्वतंत्र! तुम्हाला बोटसुद्धा उचलावं लागणार नाही."

मुलाचं नाव निघताच आत्याच्या काळजात हललं. सेनापती खोटं बोलत नव्हता. ती फौज किल्ला सहज फोडू शकली असती. आणि स्वतंत्र व्हावं असं आत्याला वाटत नव्हतं का? गेनूला ते वेड तिनेच तर लावलं होतं.

तिने घरातून तबक आणवलं. परसातल्या वेलीचं कोवळं पान त्यात होतं. तिने स्वतःच्या हाताने विडा बांधला आणि तबक सेनापतीपुढे सरकवलं.

"तुम्ही मदतीला आलात, फार बरं वाटलं. हा निरोपाचा विडा घ्या. काम झालं की खा आणि सुखाने घरी जा."

सेनापती मोठ्याने हसला. "अहो, अजून बूड टेकलं नाही तोच निरोप?"

"आमची रीतच आहे तशी."

"रीत छान आहे. पण छपराचं काम वेगळं आणि राज्याचं वेगळं. तुम्हाला कसलाही धोका उरला नाही, की आम्ही जाऊच."

"धोका उरला नाही हे कोण ठरवणार?" आत्याने विचारलं.

"आम्ही! लढाईतलं तुम्हाला काय कळतं?"

आत्याने तबक आणखी जरा पुढे सरकवलं. "बरं, आत्ता खाऊ नका. नुसता उचला आणि फेट्यात ठेवा. तेवढ्यावर मी खिंड उघडते."

सेनापतीचा हात तलवारीच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला.

"असू द्या हो," तो उठत म्हणाला. "तुमच्या विजयाच्या दिवशी खाऊ. उद्या सकाळी उत्तर कळवा." आणि तो घोड्यावर बसून निघून गेला. विडा तबकात तसाच पडून राहिला.

संध्याकाळी दिवा लावता लावता सारजा इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाई, एका पानासाठी माझा नवरा कोठडीत ठेवणार तुम्ही?"

"माझा मुलगा आहे तो, सारजे."

"मग? उद्या रात्री घरात जेवायला असता! तो माणूस नंतर गेला नाही तर नंतरचं नंतर बघू."

"आपल्या आजोबांनीही हेच म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "नंतरचं नंतर बघू. ते नंतर आपण बघतोय." तिने दिव्याची वात सारखी केली. "गेनू घरी येईल गं. आल्याआल्या ढोल गळ्यात अडकवील. आणि मग त्याला नव्या ठाणेदाराला विचारायला जावं लागेल, वाजवू का म्हणून. तो विचारील असं वाटतं तुला?"

सारजाने ढोलाकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं. "नाही विचारायचा. पुन्हा बांधून नेतील." मग ती एकदम फणकारली, "पण म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचं का?"

"बसायचं कशाला? पहाट झाली की सगळ्या बायाबापड्यांना बोलाव. खिंडीत जाऊ."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं पठार खिंडीत लोटलं. एकेका धोंड्याला दहा-दहा हात लागले. म्हाताऱ्यांनी पहारी लावल्या, मुलांनी टोपल्यांतून दगडगोटे आणले. सेनापती उत्तर घ्यायला आला तेव्हा खिंडीत घोडा शिरायलाही जागा नव्हती, आणि वरच्या कड्यावर गोफणी घेतलेले लोक उभे होते.

"काय हे आत्यासाहेब?" सेनापती खालून ओरडला.

"उत्तर!" आत्या वरून म्हणाली. "तुमची दया पोचली. फौज पोचायला नको."

"पस्तावाल!"

"पस्तावू. पण आमचं आम्ही पस्तावू."

अरुंद खिंडीत फौजेचं बळ चालत नाही, हे सेनापतीला कळत होतं. तो धुसफुसत शेजारच्या दुसऱ्या डोंगराकडे निघून गेला. गंमत अशी, की सेनापती पारावर येऊन गेल्याचं ठाण्यातल्या शिपायांच्या उडत उडत कानावर आलं, पण खिंडीत काय झालं ते कळलंच नाही. त्यांचे सगळे बुरूज पठारी लोकांवर नजर ठेवायला बांधलेले, आणि खिंडीकडे पाठ!

मग आत्याने कालचा कोमेजलेला विडा पदराला बांधला, एक ताजा विडा तबकात घेतला, आणि खिंडीवर राखणदार ठेवून बाकीचे पठारी लोक खोऱ्यात उतरले. कोणाच्याही हातात काठीसुद्धा नव्हती. ढोल तेवढा सारजाने गळ्यात अडकवला होता.

राजा वयाने तरुण होता. दरबार भरलेला होता.

"बाई," राजा कडक आवाजात म्हणाला, "शत्रूचा सेनापती तुमच्या पारावर बसून गेला, असं मला आज कळलं. काय कट शिजला?"

"कट नाही शिजला. विडा उरला." आत्याने पदराची गाठ सोडली आणि कोमेजलेला विडा राजापुढे ठेवला. मग घडलेलं सगळं सांगितलं.

दरबारात कुजबुज झाली. राजाचा चेहरा जरा निवळला. "शाब्बास! तुम्ही राज्य राखलंत. काय बक्षीस हवं?"

"तुमचं राज्य राखायला नाही गेलो आम्ही खिंडीत. आमचं घर राखायला गेलो," आत्या म्हणाली. "बक्षीस नको. आमची एक चूक दुरुस्त करायची आहे. तुमच्या आजोबांचे शिपाई मदतीला आले, तेव्हा आम्ही भीड धरली आणि विडा द्यायचा राहिला. तो आज द्यायला आलोय." आणि तिने तबक पुढे केलं.

प्रधान ताडकन उठला. "महाराज, हे घेऊ नका! आज पठार सुटलं तर उद्या राज्याचे तुकडे होतील."

"प्रधानजी," सारजा मागून म्हणाली, "बांधून ठेवलं म्हणजे जोडलं, असं असतं का?"

राजाने हात वर करून दोघांना थांबवलं. त्याने ते कोमेजलेलं पान न्याहाळलं. मग म्हणाला, "खरं सांगतो. मला भीती वाटते. ठाणं उठवलं आणि उद्या तुम्ही त्यालाच खिंड उघडून दिलीत तर?"

आत्या त्याच्या डोळ्यांत बघत शांतपणे म्हणाली, "उघडायची असती तर तेव्हाच उघडली असती. माझा मुलगा तुमच्या कोठडीत असताना."

राजाने मान खाली घातली. मग तो सिंहासनावरून उतरला, तबकातला ताजा विडा उचलला आणि सगळ्यांदेखत आपल्या डोक्यावरच्या मंदिलात खोवला.

"आत्या," तो म्हणाला, आणि या वेळी तो 'बाई' म्हणाला नाही, "ठाणं एका दिवसात हलत नाही. शिपायांची बायकापोरं आहेत तिथे. भाताची कापणी होऊ द्या."

"तोवर पान सुकेल, महाराज."

"सुकू द्या. सुकलेलं खाईन."

त्याच दिवशी गेनू कोठडीतून बाहेर आला. सारजाने ढोल त्याच्या गळ्यात अडकवला. "दाढी केवढी वाढली आहे, आधी ती काढा," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली.

ठरल्याप्रमाणे कापणी झाली आणि ठाणं उठलं. पठाराचा कारभार पठाराच्या पंचांकडे आला. खिंड पठारी लोकांनी सांभाळायची, दोन्हीकडचा बाजार पूर्वीसारखा भरवायचा, आणि कोणी हाक मारली तरच दुसऱ्याने मदतीला जायचं, असं बोलणं झालं. शेवटचा शिपाई उतरला त्या दिवशी राजा स्वतः वर आला. मंदिलातून त्याने विडा काढला. पान वाळून पापडासारखं झालं होतं. राजाने तो तोंडात टाकला, चावला, आणि त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की आत्यालाही हसू आवरेना.

"हसू नका," राजा तोंड पुसत म्हणाला. "आजोबांच्या वेळचा आहे. शिळा असणारच!"

मग जत्रा भरली. कोणाला न विचारता भरली.

सेनापती ज्या शेजारच्या डोंगरावर गेला होता, तिथल्या राजाला कंटाळलेल्या लोकांनी त्याला फुलांच्या माळा घालून वाट दिली होती. त्यांचा जुना राजा गेला, पण सेनापती काही गेला नाही. त्यांच्या जत्रेत आता त्याचा ढोल वाजतो. पुढे एकदा तिथली काही माणसं आत्याकडे आली आणि खालमानेने विचारू लागली, "आमचा विडा द्यायचा राहिला. आता उशीर झाला का?"

आत्याने त्यांना जेवू घातलं. मग परसात नेऊन पानवेलीची एक फांदी तोडून त्यांच्या हातात दिली. "लावा दारात," ती म्हणाली. "वेळ लागेल, पण पानं येतील. भीड मात्र धरू नका."

पुढच्या पावसाळ्याआधी आत्याचं छप्पर शाकारायचं होतं. पेंढ्या अंगणात रचल्या होत्या, गेनू शिडी लावत होता. इतक्यात खोऱ्याच्या वाटेने काही माणसं वर आली. त्यांच्यात ठाण्यातला एक जुना शिपाईही होता. अंगणात पाऊल टाकताच त्याने चपला काढल्या, हात पुढे केला आणि हसत म्हणाला,

"आत्या, आधी विडा."

तात्पर्य: मदत करणाऱ्याचं बळ किती आहे हे बघण्याआधी, काम झाल्यावर तो परत जायला तयार आहे का, हे विचारावं. आणि आपणही कोणाच्या घरी मदतीला गेलो, तर निरोपाचा विडा आनंदाने आधीच घ्यावा.